मदत हवी आहे: नववीच्या वर्गात अफवांवर तास कसा घेऊ?

नमस्कार मंडळी. मी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात एका शाळेत मराठी शिकवते. राईनपाडा आमच्याच तालुक्यातलं. १ जुलै २०१८, आठवडी बाजाराचा दिवस. भिक्षेसाठी आलेल्या, बहुतेक मंगळवेढ्याकडच्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत ठार मारलं. माझे विद्यार्थी तेव्हा अगदी लहान होते.

परवा वर्गात पुन्हा तशाच अफवेच्या ऑडिओचा विषय निघाला. "टोळी आलीय, पोरांना एकटं सोडू नका." मी म्हटलं, हे खोटं आहे, पुढे पाठवू नका. मागच्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, पण माझ्या मामानेच पाठवलंय." मला उत्तर सुचेना. मामाला खोटं पाडून तिला काय शिकवणार होते मी?

मग २०१८ मध्ये देशभर फिरलेला तो मोटरसायकलवाला व्हिडिओ दाखवला. मूळ कराचीतली जनजागृतीची फिल्म. तिच्यात मूल उचलणारा माणूस लगेच परत येतो, मुलाला खाली सोडतो. फिरवलेल्या तुकड्यात तो शेवटच नाही. दोन्ही पाहून एकाने विचारलं, "शेवट कापला कुणी? त्याला काय मिळालं?" मला हाच प्रश्न हवा होता. शिक्षणतज्ज्ञ पावलो फ्रेरे यांनी १९६३ साली ब्राझीलमधल्या अँजिकोस गावी सुमारे ३०० कष्टकऱ्यांना त्यांच्याच जगण्यातल्या शब्दांवरून वाचायला शिकवलं. म्हणून मीही मुलांना घरातल्या फोनवरचे मेसेज लिहून आणायला सांगितले. दोन पालक चिडले, घरचं वर्गात कशाला म्हणून. त्यांचंही चुकलं असं मला वाटत नाही.

व्हिडिओचं मूळ शोधता येतं, पण अहिराणीतला, ओळखीच्या वाटणाऱ्या आवाजातला ऑडिओ मुलांनी कसा तपासायचा? घरच्यांची नावं न येता त्यांचे मेसेज वर्गात कसे आणायचे? आणि मला खरी धास्ती वेगळीच आहे. त्या तासानंतर दोन मुलं पेपरातली पुराची बातमीही "एडिट केलेली असेल" म्हणाली. प्रश्न विचारणं आणि कशावरच विश्वास न ठेवणं, यातला फरक त्या वयात कसा पोचवायचा?

कुणी असा तास घेतला असेल तर नेमकं काय केलंत, कुठे फसलं, तेही लिहा. पोर्शन मागे पडलाय, त्यामुळे पुढच्या शुक्रवारी ३५ मिनिटंच हाताशी आहेत. वर्गात ५२ मुलं, प्रोजेक्टर नाही, फोन फक्त माझा.