मोकळं सोडलेलं घोडं स्वतःच्याच पायाला मारून घेतं : तुमचे अनुभव सांगा

धागाकर्ता (मुळशी)
आमचा बादल, सहा वर्षांचा मारवाडी घोडा. पावसामुळे दोन दिवस थानावरच (तबेल्यातल्या बांधायच्या जागी) होता. तिसऱ्या दिवशी ऊन पडलं म्हणून पॅडॉकचं (कुंपण घातलेल्या मोकळ्या आवाराचं) फाटक उघडलं आणि स्वारी उधळली. दोन चकरा, एक आखूड वळण आणि 'टप्प' असा ओला आवाज. थांबला तेव्हा पुढच्या उजव्या पायाची टाच लाल झाली होती. मागच्या खुराच्या टोकानं पुढच्या टाचेचा मऊ भाग कापला होता. डबीचं झाकण अर्धं उघडं राहावं तशी कातडी लोंबत होती, आणि नालही एका बाजूनं उचकटला होता. आसपास ना कुत्रं, ना तार, ना दुसरं घोडं. सगळं स्वतःचंच कर्तृत्व!

आता जखम भरतेय. पण पुन्हा सोडायचं म्हटलं की माझ्याच पोटात गोळा येतो. तुम्ही काय करता? पुस्तकातलं नको, स्वतःच्या घोड्यावर केलेलं सांगा.

खरारा
आमच्याकडे रायडिंग स्कूलची अकरा घोडी आहेत. ज्यांना ही खोड आहे त्यांना रबरी बेल बूट घालूनच सोडतो. हे घंटेसारखे असतात आणि खुरावर बसतात. मापात सगळा खेळ आहे. मागची कड टाचेचा गोळा पूर्ण झाकून जमिनीच्या जरा वर राहिली पाहिजे. आखूड पडला तर नेमकी कापणारी जागा उघडी राहते, लांब झाला तर घोडं स्वतःच त्यावर पाय देऊन तोंडावर पडतं. वर एक बोट सहज फिरायला हवं. नुसते ओढून चढवायचे बूट आधी गरम पाण्यात बुडवा, नाहीतर मोतद्दाराचे (घोड्याची देखभाल करणाऱ्याचे) आणि तुमचे संबंध बिघडतील. वेल्क्रोवाले सोपे पडतात, पण आपल्या गवतात आठवड्याभरात त्यात इतकी कुसळं भरतात की चिकटायचं नाव घेत नाहीत.

एक पशुवैद्य
दोनच गोष्टी. धनुर्वाताची लस झालेली आहे ना, ते आधी बघा. घोडा त्याला फार लवकर बळी पडतो. आणि जखम सांध्याजवळ असेल तर दिसायला बोटाएवढी असली तरी त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा, हळद भरून वाट बघू नका. गुडघ्याखाली मांसाची गादीच नसते, कातडीखाली लगेच हाड आणि कंडरा (टेंडन). म्हणून तिथली जखम रेंगाळते आणि कधी गुलाबी मांस फ्लॉवरच्या गड्ड्यासारखं वर येतं. मग कातडीला मिटायला जागाच राहत नाही.

खरारा
@पशुवैद्य, आमच्या घोडीला हेच झालं होतं. साडेतीन महिने गेले.

गवताळ
माझी चूक लिहितो, म्हणजे दुसरं कोणी करणार नाही. घोडीचे मागचे पाय आतून एकमेकांना घासायचे. आमचे मोतद्दारकाका याला 'नेवर लागणं' म्हणतात. मी हौसेनं चारही पायांना छान पट्ट्या गुंडाळून सोडली. दव पडलेलं होतं, पट्टी भिजली, ढिली झाली आणि शेपटीसारखी मागे फरफटायला लागली. तिला वाटलं, साप! अर्धा तास कोणाच्या हाती लागली नाही. संध्याकाळी दुसरा पाय सुजलेला, कारण तिथली पट्टी घट्ट बसली होती. आता मोकळं सोडताना पट्ट्या बंद. आतून जाड गादी असलेले ब्रशिंग बूट घालतो, तेही दोन तास. मे महिन्यात तेवढेही नाही, काढल्यावर आतला पाय तव्यासारखा लागतो.

लीड्सहून
इथे उलटी अडचण. थंडीत गुडघाभर चिखल, आणि लोक बूट घालून दिवस दिवस घोडी बाहेर ठेवतात. आत माती शिरते, ओलं कातडं घासतं, मग खपल्या धरतात. रोज काढून, पाय कोरडा करून, हात फिरवून बघणार नसाल तर बूट न घातलेले बरे. आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टलाही हेच लागू.

तापीकाठ
आमच्या सारंगखेड्याच्या बाजूला बरेच जण घोडं मोकळं सोडतच नाहीत, अगाडी-पिछाडी बांधतात, म्हणजे पुढून एक आणि मागच्या पायांना एक असे दोर लावून. दत्तजयंतीच्या यात्रेत या, रांगाच्या रांगा तशाच उभ्या दिसतील. टाच कापायचा प्रश्नच नाही! पण आमच्या आजोबांच्या घोड्याला पिछाडीच्या दोराचा असा काच पडला होता की खुराच्या वर पांढऱ्या केसांचं कडं कायमचं राहिलं. पाय झटकून झटकून त्यानंच करून घेतलेलं. दोराला गोधडीचं कापड गुंडाळायची अक्कल नंतर आली.

माथेरानकर
आमची घोडी दिवसभर पर्यटक वाहतात. सोडली की पळत नाहीत, लोळतात. 😀

नालबंदाचा मुलगा
माथेरानकर हसत हसत खरं बोलून गेले. थानावर कोंडलेलं, वर खुराक पूर्ण चाललेला, असं घोडं सुटलं की उधळणारच. काम नसेल त्या दिवशी दाणा कमी करा, आणि सोडायच्या आधी हातात धरून पंधरा मिनिटं चालवा.

दुसरं, बूट विकत घ्यायच्या आधी खूर बघा. पुढच्या खुराचं टोक वाढलं की तो पाय जमिनीवरून उशिरा सुटतो, तोवर मागचा येऊन आदळतो. वडील आधी विचारायचे, 'शेवटची नालबंदी कधी?' उत्तर 'दोन-अडीच महिने झाले' आलं की ते बुटाबद्दल बोलायचेच नाहीत. चार ते सहा आठवड्यांनी खूर साधलाच पाहिजे. पुढच्या नालाची शेपटं (मागची दोन टोकं) टाचेमागे फार बाहेर ठेवू नका, मागचा पाय त्यावरच पडतो आणि नाल उपटतो. पाय मुळातच आत-बाहेर वळलेले असतील तर मात्र नालबंद जादू करणार नाही, तिथे बूटच.

धागाकर्ता (मुळशी)
@नालबंदाचा मुलगा, शेवटची नालबंदी : नऊ आठवडे. लाज वाटली.

तीन आठवड्यांनंतरची खबर. टोक कापून घेतलं, नवे नाल आखूड शेपटांचे. रोज आधी चालवतो, मगच फाटक उघडतो, आणि शेजारच्यांची म्हातारी घोडी सोबतीला सोडतो. ती चरते, म्हणून हाही चरतो. पहिले दोन दिवस बेल बूट घातल्यावर पाय असे उचलून टाकत होता, जणू चिखलात नवी चप्पल घालून उतरलाय. टाचेवर आता नवी कातडी धरलीय, करवंदाएवढी जागा उरलीय.

काल उजव्या पायातला बूट हौदाशेजारी सापडला. वेल्क्रोवर दातांचे ठसे. डावा अजून जागेवर आहे.