श्रद्धेसाठी जीव दिलेल्या रक्तसाक्ष्यांच्या गोष्टींनी धीर येतो का? मला तर लाजच वाटते

सदरकर:
सर्वांना सलाम. नागपुरात एका खाजगी कंपनीत स्टोअर सांभाळतो. महिनाभरापासून न आलेल्या मालाच्या चलानावर 'माल मिळाला' म्हणून सही मागताहेत. दोनदा टाळली. एकदा पोट दुखतंय म्हणून, एकदा पेन विसरलो म्हणून (पेन खिशातच होतं). सोमवारी साहेब पुन्हा विचारणार. घराचा हप्ता चालू आहे, पोरगी दहावीत.

काल उपासनेत पाळकसाहेबांनी रोमन काळातल्या स्मुर्णा शहराच्या म्हाताऱ्या बिशपची, पॉलिकार्पची गोष्ट सांगितली. रोमन सुभेदार त्याला म्हणाला, ख्रिस्ताला शिव्या दे, सोडतो, नाहीतर जाळतो. तर हा म्हणतो, 86 वर्षं ज्याची सेवा केली, ज्यानं माझं काही वाईट केलं नाही, त्याला शिव्या कशा देऊ? सगळे गहिवरले. मी बाहेर येऊन गाडीची चावी शोधत बसलो. तो आगीला भ्याला नाही, मी सहीला भितो. तुम्हाला खरंच कधी धीर आला का अशा गोष्टींनी?

मोहननगरची मावशी:
बाबा, गोष्ट अर्धीच ऐकलीस. स्मुर्णाच्या मंडळीनं, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती लोकांनी, लिहिलेलं पत्र आहे, साधारण इ.स. 155 च्या सुमाराचं. त्यात पॉलिकार्प आधी एका शेतावर लपतो. शोधणारे जवळ आले तर दुसऱ्या शेतावर जातो. शेवटी सापडला तेव्हा त्या शिपायांनाच जेवू घाला म्हणाला, प्रार्थनेला तासभर मागितला आणि दोन तास उभा राहिला. त्याच पत्रात क्विंतस नावाचा एक आहे. आपणहून मरायला पुढे झाला, दुसऱ्यांनाही पुढे काढलं, आणि अंगावर सोडायची श्वापदं बघताच मोडला. असं आपणहून पुढे होणं आम्हाला मान्य नाही, असं मंडळी स्पष्ट लिहिते.

मी वॉर्डात 31 वर्षं काढली. ऑपरेशनच्या आदल्या रात्री 'मला कसली भीती' म्हणणारेच सकाळी हात सोडत नसत. पोटदुखी हे तुझं पहिलं शेत, पेन हे दुसरं. तिसरं शोधू नको.

रामटेकचा गडी:
भाऊ, रोमन सुभेदार अन् स्टोअरचा साहेब एका तागडीत काहून तोलता? इथं कोनी जीव नाही घेत, नोकरी घेईल फार त. कोन्त्या गाडीनं माल आला ते मेलवर लिहून द्या म्हना. रजिस्टरच्या पानाचे फोटो आजच काढून ठेवा.

वसईहून धरमपेठेत:
फोटोचं खरं आहे. मला आमचा संत गोन्सालो गार्सिया आठवतो, मूळ वसईचा, तोही रक्तसाक्षी. 5 फेब्रुवारी 1597 ला जपानात नागासाकीला क्रुसावर गेला, पण एकटा नाही, 26 जण होते. क्योतोहून थंडीत एकत्र चालवत नेलं त्यांना. लहानपणी मला तो नुसता पुतळा वाटायचा; आता ती वाट जास्त आठवते. तुम्ही घरी सांगितलंय का?

सदरकर:
आत्ताच सांगितलं. बायको म्हणाली, पोटदुखीच्या दिवशीच मला कळलं होतं, डबा चाटूनपुसून रिकामा आला होता.