भरतकामाचं जुनं सॉफ्टवेअर दर वेळी अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागतं. माझं अकाउंट परत अ‍ॅडमिन करू का?

टाकाधागा

नमस्कार. माझं काम मशीनवरच्या भरतकामाचं. डिझाइन कॉम्प्युटरवर करायचं, पेनड्राइव्हवर घ्यायचं आणि मशीनला लावायचं. सॉफ्टवेअर मशीनबरोबर आलेलं, विंडोज एक्सपीच्या काळातलं. बनवणाऱ्यांनी त्याच्याकडे लक्ष देणं कधीच सोडलंय. पण माझा हात त्यावर बसलाय आणि सगळी जुनी डिझाइन्स त्याच्याच फाइलींमध्ये आहेत. त्यामुळे "नवीन घ्या" एवढं सोडून काहीही सुचवा.

घरात कॉम्प्युटर एक आणि वापरणारे चौघं. आधी सगळे एकाच अकाउंटवर होतो आणि ते अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये सगळं बदलायची मुभा असलेलं, होतं. सॉफ्टवेअर उघडलं की पडदा मंद व्हायचा आणि परवानगीचा चौकोन यायचा, दिवसातून दहा-दहा वेळा. दुरुस्तीला आलेल्या माणसाने सेटिंगमधली, हा चौकोन कधी यावा ते ठरवणारी उभी पट्टी पार तळाला ओढून दिली. मला बरंच वाटलं.

आठवड्याभरात मुलीने अक्षरांचा फॉन्ट समजून काहीतरी डाउनलोड केलं. तो फॉन्ट नव्हता, इन्स्टॉलर होता. एक शब्द न विचारता तो बसला. ब्राउझरमध्ये कुठलंतरी एक्स्टेन्शन आलं, ते काढायचं बटण करडं झालेलं, आणि खाली "तुमच्या संस्थेद्वारे व्यवस्थापित" अशी ओळ. शेवटी सगळं पुसून विंडोज नव्याने टाकलं. जी डिझाइन्स पेनड्राइव्हवर नव्हती, ती गेली. त्यातलं एक वेलबुट्टीचं मी सलग चार रात्री बसून केलं होतं.

त्यानंतर मी चौघांना वेगवेगळी स्टँडर्ड, म्हणजे मर्यादित अधिकारांची अकाउंट्स करून दिली. अ‍ॅडमिनचं अकाउंट निराळं, त्याचा पासवर्ड फक्त माझ्याकडे. पण आता सॉफ्टवेअर उघडताना दर वेळी तो पासवर्ड टाकावा लागतो. आणि एक विचित्र गोष्ट होतेय. डिझाइन डॉक्युमेंट्समध्ये सेव्ह करते, तर माझ्या डॉक्युमेंट्समध्ये ते नसतंच. शोधूनही सापडत नाही. सॉफ्टवेअरमधून "ओपन" केलं की मात्र तिथेच दिसतं. फाइल माउसने ओढून सॉफ्टवेअरवर टाकली तर तीही घेत नाही.

मी स्वतः जपून वापरते. मग माझ्यापुरतं अकाउंट परत अ‍ॅडमिन केलं तर काही बिघडेल का? की फक्त या एका प्रोग्रॅमला कायमची परवानगी देता येते?

रात्रपाळी

ताई, आधी हरवलेल्या फाइली. तुम्ही अ‍ॅडमिनचा पासवर्ड टाकता तेव्हा तो प्रोग्रॅम तुमच्या नावाने चालतच नाही, त्या अ‍ॅडमिन अकाउंटच्या नावाने चालतो. त्यामुळे त्याला दिसणारं "डॉक्युमेंट्स" त्या अकाउंटचं. सी ड्राइव्ह, यूजर्स, मग अ‍ॅडमिन अकाउंटच्या नावाचं फोल्डर, त्यात डॉक्युमेंट्स, असं जा. वाटेत पासवर्ड मागेल, तो द्या. डिझाइन्स तिथे असायला हवीत. तुमच्या अकाउंटला त्या फोल्डरात डोकावायची मुभा नाही, म्हणून शोधूनही सापडली नाहीत.

ओढून टाकलेली फाइल न घेण्याचं कारणही हेच. वरच्या अधिकाराने चालणाऱ्या खिडकीला खालच्या अधिकाराच्या खिडकीने काही सोपवू नये, असा विंडोजचाच नियम आहे. नाहीतर साधा प्रोग्रॅम मोठ्या प्रोग्रॅमकडून हवं ते करून घेईल.

आता मुख्य गोष्ट. परवानगीचा तो चौकोन २००७ मध्ये, एक्सपीनंतरच्या विंडोज व्हिस्टाबरोबर आला. "मला अ‍ॅडमिनचे अधिकार लागतात" हे प्रोग्रॅमने स्वतः जाहीर करायची पद्धतही तेव्हाचीच. तुमचं सॉफ्टवेअर त्याआधीचं, म्हणजे ते बहुधा हे मागतच नसणार. कुणीतरी त्यावर टिक करून ठेवली असेल. आयकॉनवर राइट-क्लिक, प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटी. तिथे "रन धिस प्रोग्रॅम अ‍ॅज अ‍ॅन अ‍ॅडमिनिस्ट्रेटर"समोर टिक आहे का पाहा. ती बदलता येत नसेल तर खालच्या सगळ्या युजर्ससाठीच्या बटणातून जा, पासवर्ड द्या आणि टिक काढा. आयकॉनवरची छोटी ढाल गेली की समजा झालं.

पट्टी तळाला नेली की अ‍ॅडमिन अकाउंटवर परवानगी देणं थांबत नाही, फक्त तुम्हाला विचारणं थांबतं. कुठल्याही इन्स्टॉलरने अधिकार मागितला की तो गुपचूप मिळतो. "संस्थेद्वारे व्यवस्थापित" ही ओळ यायला रजिस्ट्रीच्या, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्याच्या, ज्या भागात लिहावं लागतं, तिथे स्टँडर्ड अकाउंटला लिहिताच येत नाही. तुमच्या मुलीचं अकाउंट तेव्हा स्टँडर्ड असतं तर तो इन्स्टॉलर तिथे पासवर्ड मागत अडला असता.

सरळरेषा

मी वेगळं मत मांडतो. बारा वर्षं मी अ‍ॅडमिन अकाउंटवरच काम करतोय, काही झालं नाही. आणि स्टँडर्ड अकाउंटने फार वाचतं असंही नाही. खंडणी मागणारं रॅन्समवेअर तुमचे फोटो, हिशोब, डिझाइन्स कुलूपबंद करतं, त्याला अ‍ॅडमिन लागतोच कुठे? ज्या फाइली तुम्ही स्वतः बदलू शकता, त्या तुमच्या नावाने चालणारा कुठलाही प्रोग्रॅम बदलू शकतो. विंडोज पुन्हा टाकता येतं, फोटो पुन्हा येत नाहीत. मग हा पासवर्डचा खटाटोप नेमका कुणाला वाचवतो?

रात्रपाळी

तुमचा मुद्दा खरा आहे, आणि बरेच जण तो विसरतात. स्टँडर्ड अकाउंट तुमच्याच फाइलींना तुमच्याच चुकीपासून वाचवत नाही. त्यासाठी बॅकअप हवा, आणि तोही एरवी कॉम्प्युटरला जोडून न ठेवलेल्या डिस्कवर. विंडोज १० मध्ये २०१७ पासून ठरावीक फोल्डरांत अनोळखी प्रोग्रॅमला लिहू न देणारी एक सोय आहे, तीही चालू करावी.

पण ताईंच्या घरी चौघं आहेत. मुलीच्या स्टँडर्ड अकाउंटवर काही वाईट चाललं तर ते मुलीच्या फाइली खाईल. ताईंच्या डॉक्युमेंट्सला त्याला हात लावता येणार नाही, विंडोजच्या फाइलींना नाही, अँटिव्हायरस बंद करणंही त्याच्या आवाक्यात नाही. फाइलींच्या जुन्या प्रती विंडोज ठेवत असेल तर त्या पुसायलाही अ‍ॅडमिन लागतो, आणि रॅन्समवेअर पहिल्यांदा त्याच पुसायला जातं. चौघंही अ‍ॅडमिन असतील तर या भिंती नावापुरत्याच. अ‍ॅडमिन अकाउंटवर येणाऱ्या त्या "हो / नाही" चौकोनाला मायक्रोसॉफ्ट स्वतःसुद्धा सुरक्षेची पक्की सीमा मानत नाही. दोन वेगळी अकाउंट्स ही मात्र सीमा आहे. विंडोजमधल्या चुकीतून ती ओलांडली जाऊ शकते, म्हणून अपडेट चुकवू नयेत.

ताई, डिझाइन्स डी ड्राइव्हवर ठेवत असाल तर एक पाहा. तिथल्या नव्या फोल्डरांत मुळात सगळ्या अकाउंट्सना लिहिता येतं. भिंत तुमच्या स्वतःच्या डॉक्युमेंट्सला असते, डी ड्राइव्हला आपोआप नसते.

टाकाधागा

टिक होती! नव्याने बसवून देणाऱ्याने परत तीच केली होती. काढली, ढाल गेली, सॉफ्टवेअर पासवर्ड न मागता उघडलं. ओढून टाकलेली फाइलही घेतली. अ‍ॅडमिनच्या डॉक्युमेंट्समध्ये पाच डिझाइन्स जशीच्या तशी मिळाली. किती बरं वाटलं ते लिहून सांगता येणार नाही.

पण आता दुसरंच कोडं. चार दिवस काम केलं, सहा डिझाइन्स सॉफ्टवेअरच्याच "डिझाइन्स" फोल्डरात ठेवली. सवयीने तिथेच जातात. आज पेनड्राइव्हवर घ्यायला ते फोल्डर प्रोग्रॅम फाइल्समध्ये जाऊन उघडलं, तर सहाही गायब. सॉफ्टवेअरमधून पाहिलं तर सहाही आहेत. पडताळायला एकदा मुद्दाम अ‍ॅडमिन म्हणून उघडलं, तेव्हा सॉफ्टवेअरमध्येही दिसेनात. मी काही बिघडवलं का?

रात्रपाळी

काहीच बिघडवलेलं नाही, फाइली सुखरूप आहेत. एक्सपीच्या वेळी घरातले बहुतेक सगळे अ‍ॅडमिनच असायचे, म्हणून तेव्हाचे प्रोग्रॅम बिनधास्त स्वतःच्याच फोल्डरात लिहायचे. व्हिस्टापासून साध्या अधिकाराने तिथे लिहिता येत नाही. पण नुसता नकार दिला असता तर असे हजारो प्रोग्रॅम बंद पडले असते. म्हणून जुन्या प्रोग्रॅमने तिथे लिहायला घेतलं की विंडोज ती फाइल हळूच वळवून तुमच्या खासगी फोल्डरात ठेवतं आणि त्याला "लिहिली" म्हणून सांगतं. वाचायला आला की तिथूनच काढून देतं. फाइल एक्सप्लोररला मात्र खरं फोल्डर दिसतं, आणि अ‍ॅडमिन म्हणून चालवलं की हे वळवणं बंद होतं. म्हणून दोन्हीकडे सहा फाइली नव्हत्या.

एक्सप्लोररच्या वरच्या पट्टीत %लोकलअ‍ॅपडेटा% हे इंग्रजी अक्षरांत लिहून एंटर करा. आत "व्हर्च्युअलस्टोअर" फोल्डर असेल, त्यात "प्रोग्रॅम फाइल्स", त्यात तुमचं सॉफ्टवेअर. सहाही तिथे मिळतील. त्या डॉक्युमेंट्समध्ये आणा आणि यापुढे "सेव्ह अ‍ॅज" करून तिथेच ठेवत जा. बॅकअप घेताना लोक व्हर्च्युअलस्टोअर हमखास विसरतात. विंडोज पुसताना तुमचं जे गेलं ते तिथे नसेल, कारण तेव्हा तुम्ही कायम अ‍ॅडमिन म्हणूनच चालवत होता. पण यापुढे गेलं असतं.

किल्लीवाला

एक जपायची गोष्ट. अशा वेळी बरेच जण प्रोग्रॅमच्या सगळ्या फोल्डरावर सर्वांना लिहायची परवानगी देतात, किंवा सॉफ्टवेअर सरळ सी ड्राइव्हच्या मुळाशी नवं फोल्डर करून तिथे बसवतात. अडचण सुटते, पण मग घरातल्या कुठल्याही अकाउंटवरून त्या प्रोग्रॅमची मूळ फाइलच बदलता येते. उद्या कुणी ती बदलली आणि तुम्ही एकदा अ‍ॅडमिनचा पासवर्ड दिलात, की त्या बदललेल्या फाइलीला पूर्ण अधिकार मिळाला. प्रोग्रॅम काढून टाकणारा अनइन्स्टॉलरही बहुधा त्याच फोल्डरात असतो आणि तो अ‍ॅडमिन म्हणूनच चालतो, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

तुमचं आता साध्या अधिकारात चालतंय, तर परवानग्यांना हात लावू नका. एखादा प्रोग्रॅम खरंच अडला तर सिसइंटर्नल्सचं प्रोसेस मॉनिटर (प्रोग्रॅम कुठल्या फाइलींना हात लावतो ते दाखवणारं साधन) चालवून निकालाच्या रकान्यात "अ‍ॅक्सेस डिनाइड", म्हणजे परवानगी नाकारली, असलेल्या ओळीच तेवढ्या पाहायच्या. कुठल्या फाइलीवर तो अडतोय ते नावासकट कळतं. मग फक्त त्या एका फाइलीला परवानगी द्यायची, फोल्डराला नाही.

टाकाधागा

सहाही सापडली, बरोबर तिथेच. डॉक्युमेंट्समध्ये आणली. मग दुसऱ्या एका डिस्कवर सगळं उतरवलं, डिस्क काढून कपाटात ठेवली. पट्टी आता सगळ्यात वर आहे. माझं अकाउंट स्टँडर्डच राहणार.

सरळरेषा, तुमच्यामुळे बॅकअप आजच झाला, नाहीतर मी पासवर्डवरच समाधान मानलं असतं.

काल मुलीला परत अक्षरांचा फॉन्ट हवा होता. डाउनलोड केलेल्या फाइलीने पासवर्ड मागितला, तशी ती मला बोलवायला आली. दोघींनी मिळून पाहिलं, फाइलीच्या नावाच्या शेवटी ईएक्सई होतं, म्हणजे तो प्रोग्रॅम होता. फॉन्टच्या फाइलीला टीटीएफ किंवा ओटीएफ असतं, हे तिला त्या वेळी दाखवलं. फाइल पुसली आणि दुसरीकडून खरा फॉन्ट घेतला. तो तिच्या अकाउंटपुरता पासवर्ड न मागता बसला. आता मी तिच्याच नावाची अक्षरं भरतेय.