शेजारच्या ओसाड घराबाबत तक्रार कोणाकडे करावी?

प्रश्न :
आमच्या गल्लीच्या टोकाचे घर चार वर्षांपासून बंद आहे. मागच्या दाराची कडी कोणीतरी उचकटली असून रात्री आत टॉर्चचा उजेड हलताना दिसतो, आणि अंगणातल्या उघड्या टाकीत पाणी साचले आहे. मालकांचा ठावठिकाणा कोणालाच ठाऊक नाही. आम्ही आधी काय करावे?

उत्तर १ :
मालमत्ता कराच्या किंवा जमिनीच्या नोंदीत मालकाचे नाव सापडण्याची शक्यता असते. पत्ता मिळाल्यास पोच मिळेल अशा टपालाने पत्र पाठवावे. पुष्कळदा मालकाला घराची अवस्थाच माहीत नसते, असा माझा अनुभव आहे.

उत्तर २ :
टाकीसाठी मात्र पत्रोत्तराची वाट पाहू नये. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची अंड्यापासून पूर्ण वाढ साधारण ८ ते १० दिवसांत होते, म्हणून आरोग्य विभागाला आजच लेखी कळवावे. उजेड दिसला, तर तारीख आणि वेळ वहीत टिपून पोलिसांना कळवावे. स्वतः आत शिरण्याचे धाडस कोणीही करू नये, कारण ते धोक्याचे तर आहेच, शिवाय दुसऱ्याच्या मालमत्तेत विनापरवानगी शिरल्याचा ठपका आपल्यावरच येतो.

उत्तर ३ :
नुसती साफसफाईही परिणाम करते. फिलाडेल्फियात ओसाड भूखंड स्वच्छ करून तेथे गवत व झाडे लावल्यावर आसपासचे गुन्हे घटल्याचे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. अर्थात, मालकाची किंवा प्रशासनाची लेखी परवानगी आधी घ्यावी.

प्रश्नकर्ता :
आभारी आहे. टाकीचा अर्ज आजच देतो.