घासाघीस करताना सांगितलेला खोटा भाव आणि पुन्हा वापरलेले कूपन

प्रश्न : खाडीकाठ, रत्नागिरी
गेल्या रविवारी मिरकरवाड्याला सुरमई घेताना मी मासळीवाल्या बाईंना “पलीकडे ५०० ला देतात” असे सांगितले. प्रत्यक्षात पलीकडे मी विचारलेही नव्हते. त्यांनी ६०० चा भाव ५०० वर आणला. त्याच रात्री किराण्याच्या अॅपवरील पहिल्या खरेदीचे कूपन मी आईच्या क्रमांकावरून वापरले. माझ्या आणि पत्नीच्या क्रमांकावरून ते आधीच वापरून झाले होते. एरवी कर्नाटकातला आंबा देवगड म्हणून विकणाऱ्यांवर मी तावातावाने बोलतो, म्हणून हे अधिकच बोचते. घासाघीस कोठवर प्रामाणिक मानावी? सगळेच असे करतात, हे उत्तर कृपया नको.

उत्तर : बंदरावरची, हर्णै
माझी आई हर्णै बंदरावरच्या लिलावात मासळी घेऊन दापोलीच्या बाजारात विकते. भाव करणे हा धंद्याचाच भाग असल्यामुळे पहिला भाव ती घासाघीस धरूनच सांगते. लिलावाची रक्कम, बर्फ आणि रिक्षाभाडे यांची बेरीज तिच्या डोक्यात पक्की असते आणि सहसा ती त्याखाली उतरत नाही. संध्याकाळी बर्फ वितळू लागला की मात्र तोट्यातही देते. “मला ५०० च परवडतात” असे म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाचा तिला राग येत नाही. परंतु पलीकडचा खोटा भाव सांगितला की शेजारणीने भाव पाडला असा तिचा समज होतो, आणि दिवसभर मांडीला मांडी लावून बसणाऱ्या दोघींत त्यावरून आठवडाभर अबोला झालेला मी पाहिला आहे. तुमचे १०० रुपये वाचले, पण दोष तिसरीच्या माथी गेला.

उत्तर : दुकानदार, चिपळूण
कूपनाची अट वाचावी. अट ‘एका ग्राहकाला एकदा’ अशी असेल आणि आई खरोखरच स्वतःसाठी खरेदी करत असतील, तर आक्षेप नाही. सामान तुमचे आणि क्रमांक तेवढा त्यांचा, हे मात्र सरळ नाही. विक्रेतेही धुतल्या तांदळासारखे नसतात, हे मी दुकानदार असूनच लिहितो. पाकीटबंद वस्तूंवर छापील कमाल किमतीपेक्षा जास्त घेता येत नाही, कमी घेण्यास आडकाठी नाही. म्हणून काहीजण किंमतच फुगवून छापतात आणि मग निम्म्या किमतीची पाटी लावतात. तेथे न घेणे हे उत्तर आहे, आईचा क्रमांक नव्हे.

उत्तर : बागायतदार, देवगड
हापूसला २०१८ मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या पाच जिल्ह्यांपुरते आहे, तरी बाहेरचा आंबा आमच्या नावाच्या पेटीत जातोच. हंगामाच्या आरंभी निम्म्या भावात देवगड मागणारे गिऱ्हाईकही त्याला हातभार लावते. भाव परवडत नसेल तर पायरी घ्यावा, तोही गोडच असतो.

खाडीकाठ, रत्नागिरी
आभारी आहे. अट पाहिली, ती ‘एका घराला एकदा’ अशीच निघाली. १ जूनपासून मासेमारीबंदी सुरू होते, त्याआधी त्याच बाईंकडे जाऊन पलीकडे मी विचारलेच नव्हते, हे सांगणार आहे. त्या काय म्हणतील याची थोडी धास्ती वाटते.