गोळ्यांवर असलेल्यांनी दंडावर शुगरचा सेन्सर लावावा का?

कोलशेतकर
सात वर्षं डायबेटिस आहे. इन्सुलिन नाही, फक्त गोळ्या. गेल्या महिन्यात दंडाच्या मागे १४ दिवसांचा सेन्सर लावला आणि आता माझं मत ठाम आहे: गोळ्या घेणाऱ्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी लावून बघावा. माझी उपाशीपोटीची शुगर कायम ११०च्या आसपास, म्हणून मी निर्धास्त. पण एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी, आली ७.४. मेळच लागेना. सेन्सरने दाखवलं की घरून पोहे-चहा घेऊन निघालो की ठाण्याहून ट्रेन पकडून घणसोलीला उतरेपर्यंत आकडा २३०. तेच पोहे निम्मे, सोबत वाटीभर मोड आलेली मटकी आणि रिक्षाऐवजी स्टेशनपर्यंत चालत गेलो, तर १७०. हे मला सात वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

वाशी_सेक्टर_नऊ
अजिबात पटलं नाही. एका सेन्सरला चार-पाच हजार जातात. तेवढ्यात बोटाला टोचायच्या पट्ट्या कितीतरी महिने पुरतात. पोह्यांचं गणित दोन पट्ट्यांत कळतं: खाण्याआधी एक, दोन तासांनी एक.
आणि त्रासाचं कोणी बोलत नाही. माझी बायको डायबेटिसच्या उंबरठ्यावर आहे, औषध काही नाही. सेन्सर लावल्यावर तिने आधी चिकू सोडला, मग केळं, मग भाकरी. जेवल्यावर १५० दिसले की ताट बाजूला. अहो, निरोगी माणसाचीही शुगर जेवणानंतर कधी कधी १४०च्या वर जाते! एका रात्री तीन वाजता ५८चा अलार्म वाजला. हातपाय गळाले माझे. ग्लुकोमीटर शोधून बोट टोचलं, तर १०४. त्याच कुशीवर झोपली होती. दंड दाबला गेला की आकडा खोटाच खाली येतो.

नेरुळची_आई
माझा मुलगा ११ वर्षांचा, टाइप १ डायबेटिस, म्हणजे इन्सुलिनशिवाय चालतच नाही. दोघांनाही सांगते, आमच्यासाठी ही हौस नाही. सेन्सरच्या आधी दिवसाला आठ-दहा वेळा टोचायचो, रात्री दोनला आणि चारला उठून. त्याच्या बोटांच्या टोकांवर काळे ठिपके पडले होते. आता तो सोसायटीत फुटबॉल खेळतो तेव्हा मला फोनवर बाण दिसतो, खाली जातोय की वर.
तरी ग्लुकोमीटर बॅगेत असतोच. सेन्सर रक्तातली नाही, पेशींच्या भोवतालच्या द्रवातली साखर मोजतो, म्हणून शुगर भरभर उतरताना तो मागे पडतो. एकदा पोरगा थरथरत होता, सेन्सर म्हणे ८२, बोटातून निघाले ६१. आधी ग्लुकोजचं पाणी दिलं, मग बाकी सगळं. एवढीच विनंती, 'नको ते फॅड' म्हणू नका. नातेवाईक तेच ऐकवतात आणि पोरगा शाळेत बाही खाली ओढून बसतो.

कोलशेतकर
ताई, तुमच्या लेकराची गोष्ट वेगळीच, तिथे वादच नाही.
वाशीकर, कुशीवर झोपण्याचं मान्य. पैशांचंही मान्य. घामाने चिकटपट्टी सुटत आली होती आणि अकराव्या दिवशी ठाण्याच्या गर्दीत कुणाच्या तरी सॅकचा पट्टा अडकून सेन्सर उपटून गेला, तेव्हा जीव हळहळला. पण तुमची दोन तासांची पट्टी मला फसवत होती. माझी शुगर सव्वा तासाला टोकाला जायची, दोन तासांनी १६५. तो आकडा बघून मी पुन्हा पोहेच खाल्ले असते.

वाशी_सेक्टर_नऊ
मग सव्वा तासाने टोचा. घणसोलीच्या बाकावर बसून दोन मिनिटांचं काम.
एक मात्र विचारतो. तुमच्या गोळ्यांत ग्लिमेपिराइड आहे का? असेल तर रात्रीची शुगर उतरू शकते आणि तेवढ्यासाठी मी सेन्सरला हो म्हणेन. नुसतं मेटफॉर्मिन असेल तर ती भीती जवळजवळ नाही. मग ते पाच हजार डोळे आणि किडनीच्या तपासणीला ठेवा. सात वर्षांत डोळ्यांचा पडदा तपासून घेतलात का?

कोलशेतकर
ग्लिमेपिराइड आहे. पडदा नाही तपासला. या शनिवारी जातो.