एपानेटमध्ये दोन तासांच्या पाण्याचा पॅटर्न कसा द्यायचा?

नळकोंडाळं: एम.टेकचं प्रोजेक्ट चालूय, एका नगरपरिषदेचा एकच झोन घेतलाय, ८,००० लोकं, माणशी १३५ लिटर, पाणी सकाळी ६ ते ८. एपानेटमध्ये (पाइपच्या जाळ्यातलं पाणी नि प्रेशर काढणारं सॉफ्टवेअर) पुस्तकातला २४ तासांचा पॅटर्न (कुठल्या तासाला मागणी सरासरीच्या किती पट) टाकला, पीक फॅक्टर, म्हणजे सगळ्यात जास्त मागणीच्या वेळची पट, ३. मॉडेल म्हणतंय टेल एंडला (लाइनच्या शेवटाला) १४ मीटर प्रेशर, म्हणजे पाणी तेवढं उंच चढावं, आणि प्रत्यक्षात तिथं पाणी चढत नाही म्हणून लोकांनी खड्डे खणून नळ जमिनीखाली घेतलेत. गडबड पॅटर्नमध्ये का पाइपच्या रफनेसमध्ये (आतल्या खडबडीतपणात)?

जुना_व्हॉल्व्ह: रफनेस राहू दे बाजूला, आधी हिशोब कर. झोनला दिवसाला १०.८ लाख लिटर, म्हणजे २४ तासांवर सरासरी १२.५ एलपीएस (लिटर प्रति सेकंद), पीक ३ धरलास तर ३७.५. पण पाणी येतं दोनच तास, तेवढ्यात सगळं द्यायचं तर १५० एलपीएस, म्हणजे मल्टिप्लायर १२ (सरासरीच्या १२ पट) आणि बाकी २२ तास शून्य. टाकीतून निघणारी लाइन २०० एमएमची असेल तर वेग पावणेपाच मीटर प्रति सेकंद, कुठून जाणार? पुस्तकातला पॅटर्न लोक पाणी वापरतात कधी ते सांगतो, आपल्याकडे ते भरतात कधी ते बघावं लागतं, व्हॉल्व्हमनने चावी फिरवली की सगळे नळ एकदम चालू.

हंडाकळशी: +१. पण नुसता १२ टाकून चालणार नाही, जुन्या पद्धतीत एपानेट प्रेशर नसलं तरी नोडला (जाळ्यातल्या पाणी घेणाऱ्या बिंदूला) मागेल तेवढं पाणी देतं आणि निगेटिव्ह प्रेशर दाखवून मोकळं होतं. २.२ व्हर्जन घे, त्यात पीडीए (प्रेशर असेल त्या मानानंच पाणी देणारी पद्धत) आहे, किमान प्रेशर ०, लागणारं ७ मीटर दे (एकमजली घरांना तेवढंच धरतात), मग टेलला खरंच किती पोचतं ते दिसेल.

जुना_व्हॉल्व्ह: पीडीएतही एक राहतं, टाकीजवळच्या घरांचे संप (जमिनीखालच्या टाक्या) अर्ध्या तासात भरतात आणि त्यानंतर कुठं शेवटच्या गल्लीला धार लागते, हे त्यात येत नाही. चाळीस-पन्नास घरांची मिळून नोडला एक छोटी टाकी जोड, मध्ये चेक व्हॉल्व्हवाला (एकाच दिशेनं पाणी सोडणारा) पाइप, भरली की आत जाणं आपोआप बंद.

नळकोंडाळं: भारी! पण थेट लाइनला मोटर लावतात त्यांचं काय?

हंडाकळशी: ते मॉडेलमध्ये नको घालूस अजून 😀 आधी पाणी सोडल्यापासून दर दहा मिनिटांनी उंच टाकीची पातळी लिहून घे, खरा पॅटर्न तिथंच मिळेल. आणि कराडजवळच्या मलकापूरसारख्या २४ तास पाण्याच्या गावाचा डेटा मिळाला तर तुझा पुस्तकातला पॅटर्न तिथं लावून बघ.